समतोल मोजायचा कुठे?

फेंडर बासमनचे ५एफ६-ए हे सर्किट गिटार ॲम्प बांधणाऱ्यांनी जितके गिरवले, तितके दुसरे क्वचितच गिरवले असेल. लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या साथीने १९६२ साली जेटीएम४५ उभा राहिला, तोही याच सर्किटवर बेतलेला. या सर्किटचा शेवटचा टप्पा पाहिला तर सगळ्या गोष्टी जोडीने येतात आणि जोडीतल्या दोन्ही सारख्या असतात. दोन पॉवर व्हॉल्व्ह, दोन कपलिंग कपॅसिटर, २२० किलोओहमचे दोन ग्रिड रेझिस्टर. फक्त एका ठिकाणी जोड जमत नाही. फेज इन्व्हर्टरच्या एका प्लेटला ८२ किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि दुसरीला १०० चा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती छपाईची चूक वाटते. प्रत्यक्षात दोन्ही बाजू समान व्हाव्यात म्हणूनच हे दोन रेझिस्टर असमान ठेवलेले आहेत.

या ठरावीक आकड्यांच्या जागी फिरवता येणारा ट्रिमर बसवावा का, हा प्रश्न ॲम्प बांधणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. समतोल म्हणजे दोन प्लेटांवरचे व्होल्टेज सारखे करणे, असे धरून बहुतेक जण कामाला लागतात. माझे मत असे की तिथेच घोटाळा होतो. समतोल स्पीकरपाशी मोजायचा असतो, आणि ट्रिमरची खरी किंमत तिथेच कळते.

लाकडाच्या वखारीत दोघांनी मिळून ओढायचा आरा पाहिला असेल. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो, मग दुसरा ओढतो. पुश-पुल पद्धतीत दोन पॉवर व्हॉल्व्ह असेच काम करतात. एकाचा प्रवाह वाढतो तेव्हा दुसऱ्याचा घटतो, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्या दोघांतला फरक स्पीकरकडे पोचवतो. दोघांना उलटसुलट वेळी इशारा मिळावा म्हणून एकाच सिग्नलच्या दोन प्रती लागतात, एक सुलटी आणि एक उलटी. त्या बनवण्याचे काम फेज इन्व्हर्टर करतो.

दोन्ही प्रती सारख्याच मापाच्या का हव्यात, हे कळायला तंबोरा आठवावा. षड्जाची तार छेडली की तिच्यात दुप्पट कंपनांचा तार षड्ज मिसळलेला असतो, तिप्पट कंपनांचा पंचम असतो, पाचपटीचा गंधारही चांगल्या जवारीत ऐकू येतो. व्हॉल्व्हसुद्धा मूळ सुरात अशीच भर घालतो. पुश-पुल जोडीतल्या दोन्ही व्हॉल्व्हनी घातलेली दुपटीची, चौपटीची भर ट्रान्सफॉर्मरमध्ये एकाच दिशेने येते. ट्रान्सफॉर्मर फक्त फरक घेत असल्याने ती भर एकमेकांत विरते. तिपटीची आणि पाचपटीची भर मात्र मूळ सुराबरोबर पुढे जाते. थोडक्यात, जोडी समतोल असेल तर पॉवर टप्प्याने घातलेला तार षड्ज गळून पडतो आणि पंचम उरतो. एक बाजू कमजोर पडली की फिटाफीट पूर्ण होत नाही आणि तार षड्ज पुन्हा डोकावतो.

किती डोकावतो, याचा ढोबळ हिशोब करता येतो. प्रत्येक व्हॉल्व्ह लाटेचा एकेक अर्धाच सांभाळतो असे मानू आणि एका बाजूची लाट दुसरीपेक्षा १० टक्क्यांनी बुटकी आहे असे धरू. तर दुपटीच्या सुराचे प्रमाण मूळ सुराच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे सुमारे ३३ डेसिबल खाली. घरातल्या हाय-फाय ॲम्पला हा आकडा नामुष्कीचा ठरला असता. गिटार ॲम्पमध्ये प्रीॲम्प आणि स्पीकर मिळून याच्या कितीतरी पट भर घालतात, त्यामुळे स्वच्छ वाजवताना तेवढा फरक ओळखणे अवघड असते.

इथे एका समजुतीचा समाचार घेतला पाहिजे, कारण तिच्यामुळे अनेक जण ट्रिमरपासून लांब राहतात. व्हॉल्व्ह ॲम्पचा 'वॉर्म' आवाज दुपटीच्या सुरांमुळे येतो, म्हणून इन्व्हर्टर समतोल केला की तो आवाज मरतो, असे सांगितले जाते. पण प्रीॲम्पमधल्या व्हॉल्व्हनी घातलेला तार षड्ज इन्व्हर्टरपाशी पोचतो तेव्हा तो सिग्नलचाच भाग झालेला असतो. त्याचीही सुलटी आणि उलटी प्रत निघते, आणि तो ट्रान्सफॉर्मरमधून सुखरूप बाहेर पडतो. फिटाफीट होते ती फक्त पॉवर व्हॉल्व्हनी स्वतः घातलेल्या भरीची. ट्रिमर फिरवून प्रीॲम्पची ऊब काढून टाकता येत नाही.

इन्व्हर्टरच्या तीन मुख्य जाती आहेत आणि ट्रिमरची गरज प्रत्येकीत वेगळी आहे. सर्वांत जुनी पॅराफेज. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या फेंडर ॲम्पमध्ये ती सापडते. पहिला ट्रायोड सिग्नल वाढवतो. त्याच्या आउटपुटमधला छोटासा अंश रेझिस्टरांच्या जोडीने तोडून दुसऱ्या ट्रायोडला दिला जातो आणि दुसरा तो उलटा करून तितकाच वाढवतो. दुसऱ्याचे वर्धन पन्नास पट असेल तर अंशही नेमका पन्नासावा हवा. व्हॉल्व्ह थकला, वर्धन उतरले, की गणित बिघडते. पुढे तिची स्वतःला सावरणारी आवृत्ती आली ती याच दुखण्यावर उपाय म्हणून. पॅराफेजमध्ये ट्रिमर बसवण्याबद्दल वाद असण्याचे कारण मला दिसत नाही. अंश तोडणाऱ्या जागीच तो बसतो आणि व्हॉल्व्ह बदलला की पुन्हा जुळवता येतो.

दुसरी जात कॅथोडाइन. फेंडर डिलक्सच्या ५ई३ सर्किटमध्ये ती आहे, एकाच ट्रायोडच्या प्लेटला ५६ किलोओहम आणि कॅथोडला ५६ किलोओहम. एकच प्रवाह दोन्हींतून वाहतो, तेव्हा दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज उमटणार. कॅथोडकडचा आउटपुट भक्कम आणि प्लेटकडचा दुबळा, म्हणून ही जात मुळातच असमतोल आहे, असे बरेच ठिकाणी म्हटले जाते. दोन्हीकडचा भार सारखा असेपर्यंत ते खरे नाही. इथे ट्रिमरने साधणार काय, तर रेझिस्टरांच्या मापातला फरक भरून निघेल. जुन्या कार्बन रेझिस्टरांत तो १० टक्केही असे. आजचे १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर स्वस्तात मिळतात, तेच दोन मोजून लावावेत. कॅथोडाइनमध्ये ट्रिमर मी लावणार नाही.

तिसरी जात लाँग-टेल्ड पेअर, आणि ट्रिमरचा खरा प्रश्न हिच्यातच आहे. ॲलन ब्लमलाइन यांनी ईएमआयमध्ये काम करताना १९३६ मध्ये या मांडणीचे पेटंट घेतले. दोन ट्रायोडांचे कॅथोड एकत्र बांधायचे आणि त्यांच्याखाली एक मोठा रेझिस्टर लावायचा, तीच ती लांब शेपटी. पहिल्या ग्रिडवर सिग्नल येतो, दुसरे ग्रिड स्थिर ठेवलेले असते. पहिल्याचा प्रवाह वाढला की कॅथोड वर उचलले जातात आणि त्यामुळे दुसऱ्याचा प्रवाह घटतो. शेपटी अनंत लांब असती तर जितका इकडे वाढला तितकाच तिकडे घटला असता. खऱ्या शेपटीतून थोडा सिग्नल गळतो आणि दुसऱ्या ट्रायोडच्या वाट्याला थोडे कमी येते.

बासमनचा हिशोब मांडून पाहू. दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडचा अवरोध भारासकट सुमारे सव्वा किलोओहम येतो. १० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यावरचे ४७० ओहम मिळून शेपटी साडेदहा किलोओहमची. म्हणजे पहिल्या बाजूचा प्रवाह दुसरीपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी जास्त. आता भरपाई. प्लेटचा ८२ किलोओहम पुढच्या २२० बरोबर समांतर धरला तर जवळपास ६० उरतात, १०० किलोओहम धरला तर ६९. फरक १५ टक्क्यांचा. बारा टक्क्यांची तूट, पंधरा टक्क्यांची भरपाई. त्या काळी हाताशी असलेल्या ठरावीक मापांतून लिओ फेंडर यांच्या कारखान्याने काढलेला हा तोडगा इतका जवळ जातो, याचे मला दर वेळी कौतुक वाटते.

पुढची गोष्ट कमी जणांच्या लक्षात येते. १९६० च्या दशकातल्या काळ्या पट्टीच्या फेंडर ॲम्पमध्ये इन्व्हर्टरला १२एएक्स७ ऐवजी १२एटी७ आला आणि शेपटी २२ किलोओहमची झाली. गळती सहा-साडेसहा टक्क्यांवर आली. पण ८२ आणि १०० ही जोडी तशीच राहिली. त्यामुळे हिशोबाने आता दुसरी बाजूच सुमारे ८ टक्के वरचढ ठरते. उलट व्हॉक्स एसी३० मध्ये शेपटी ४७ किलोओहमची आणि दोन्ही प्लेटांना १०० किलोओहम. गळती तीनेक टक्के, भरपाई काहीच नाही, आणि तिची गरजही फारशी नाही. म्हणजे '८२ आणि १००' हा मंत्र सगळीकडे लागू पडत नाही. सर्किट बदलले की त्याचे उत्तरही बदलते.

त्यात व्हॉल्व्हची भर. नव्या व्हॉल्व्हचे कारखाने आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये आहेत, आणि एकाच काचेतले दोन ट्रायोडसुद्धा अगदी सारखे निघतील याची खात्री नसते. म्हणून जुळवून निवडलेले इन्व्हर्टर व्हॉल्व्ह जादा किमतीला विकले जातात. दोन-चार टक्क्यांच्या फरकासाठी जादा पैसे मोजण्याऐवजी एक ट्रिमर लावणे मला केव्हाही शहाणपणाचे वाटते.

ट्रिमर लावण्याआधी आणखी एक गाठ सोडवून घ्यायला हवी. 'बॅलन्स' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक सिग्नलचा समतोल, ज्याबद्दल आपण बोलत आहोत. दुसरा पॉवर व्हॉल्व्हच्या स्थिर प्रवाहाचा, म्हणजे काहीही वाजत नसताना दोन्ही व्हॉल्व्हमधून सारखेच मिलिॲम्पिअर वाहतात की नाही. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात केटी६६ व्हॉल्व्हचा जो प्रसिद्ध ॲम्प मांडला, त्यात या दोन्हींसाठी दोन वेगळे फिरते रेझिस्टर होते. ती शिस्त पुढे सैल झाली. रुपेरी पट्टीच्या अनेक फेंडर ॲम्पमध्ये मागच्या बाजूला जो बॅलन्स ट्रिमर सापडतो, तो बायसचा, म्हणजे याच स्थिर प्रवाहाचा आहे. सिग्नलशी त्याचा थेट संबंध नाही. तो फिरवून गुणगुण कमी होते, कारण दोन्ही बाजूंचे प्रवाह सारखे झाले की वीजपुरवठ्यातली लहर ट्रान्सफॉर्मरमध्ये फिटते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ही लहर १०० हर्ट्झची असते. आधी हा स्थिर समतोल साधावा, मगच इन्व्हर्टरला हात लावावा. क्रम चुकला तर एका दोषाने दुसरा झाकला जातो.

ट्रिमर बसवायच्या जागा तीन-चार आहेत. कोणती निवडावी हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: उद्या या ट्रिमरचा सरकता पाय निसटला तर काय होईल?

पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशी २२० किलोओहमच्या जागी पॉट लावून एक बाजू कमी करणे सोपे दिसते. तिथे शेकडो व्होल्ट नसतात, म्हणून ती जागा सुरक्षितही वाटते. पण सरकता पाय निसटला की त्या व्हॉल्व्हला बायस मिळणे थांबते, प्रवाह बेफाम वाढतो, प्लेट लाल होते आणि व्हॉल्व्हबरोबर ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. ग्रिडपासून बायसपर्यंत वेगळा राखीव रेझिस्टर ठेवल्याशिवाय ही जागा वापरू नये. दोन प्लेट रेझिस्टरांच्या मध्ये ट्रिमर आणि त्याचा मधला पाय पुरवठ्याला, ही मांडणी दिसायला फार सुबक असते. तिथे पाय निसटला तर दोन्ही प्लेटांचा पुरवठा जातो आणि ॲम्प गप्प होतो. नुकसान नाही, पण मैफलीच्या मध्यात तेही परवडत नाही. दोन कॅथोडांच्या मध्ये पाचशे ओहमचा पॉट लावला तर व्होल्टेज कमी असते हे खरे. पण त्याने सिग्नलचा समतोल चार-पाच टक्केच हलतो आणि त्यासोबत दोन्ही ट्रायोडांचे स्थिर प्रवाहही सरकतात. एका खुंटीने दोन तारा जुळवण्यासारखे आहे ते.

मला पटलेली जागा साधी आहे. १०० किलोओहमचा रेझिस्टर काढायचा, तिथे ८२ किलोओहमचा स्थिर रेझिस्टर आणि त्याच्या पुढे २५ किलोओहमचा ट्रिमर लावायचा. ट्रिमरचा मधला पाय एका टोकाला जोडून टाकायचा. आता ८२ पासून १०७ पर्यंत कुठेही जाता येते. पाय निसटलाच तर अख्खे २५ किलोओहम मार्गात येतात, समतोल थोडा बिघडतो आणि ॲम्प वाजत राहतो. इथून वाहणारा प्रवाह एखाद मिलिॲम्पिअरचा, तेव्हा ट्रिमरमध्ये जिरणारी शक्ती फार तर २५ मिलिवॉट. काळजी व्होल्टेजची करायची. ट्रिमरचा प्रत्येक पाय चासीच्या मानाने तीनशे व्होल्टच्या वर असतो, आणि काही ट्रिमरांचा फिरवायचा धातूचा स्क्रू थेट मधल्या पायाला जोडलेला असतो. प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर वापरावा, एक हात खिशात ठेवावा आणि बंद केलेल्या ॲम्पमध्येही फिल्टर कपॅसिटर उतरल्याची मीटरने खात्री करून घ्यावी. कार्बन ट्रिमर डीसीखाली खरखरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सर्मेट ट्रिमर मागितला तर तो मिळतो, आणि किमतीतला फरक नगण्य असतो.

आता मोजमाप. नेहमीची पद्धत म्हणजे इनपुटला चारेकशे हर्ट्झचा सूर द्यायचा, स्पीकरच्या जागी योग्य वॉटचा रेझिस्टर लावायचा आणि दोन्ही पॉवर ग्रिडवरचे एसी व्होल्टेज मीटरने सारखे करायचे. साधे मल्टिमीटर वरच्या कंपनांवर चुकतात, म्हणून सूर खालचा ठेवायचा. याहून बारीक युक्ती अशी की दोन्ही ग्रिडांपासून १ मेगाओहमचे दोन जुळवलेले रेझिस्टर एका बिंदूला आणायचे आणि त्या बिंदूवर ऑसिलोस्कोप लावायचा. दोन्ही बाजू समान असतील तर तिथे सुलटे-उलटे फिटून सपाट रेषा उरते. शून्य शोधणे हे दोन मोठे आकडे ताडून पाहण्यापेक्षा नेहमीच सोपे असते.

पण सपाट रेषा मिळाली म्हणजे समतोल झाला असे म्हणता येत नाही. पुढे दोन पॉवर व्हॉल्व्ह आहेत, आणि बायसवर सारखा प्रवाह घेणारे दोन व्हॉल्व्हसुद्धा सिग्नलला सारखाच प्रतिसाद देतील असे नाही. ग्रिडवर समान व्होल्टेज देऊन प्लेटमधून असमान प्रवाह निघाला तर त्या समानतेचा उपयोग काय? म्हणून शेवटची जुळणी ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे करावी. भार-रेझिस्टरवरचे व्होल्टेज विभागून लॅपटॉपच्या साउंडकार्डला द्यायचे, वर्णपट पाहायचा आणि ४०० हर्ट्झचा सूर देऊन ८०० चा खांब सर्वांत बुटका होईल तिथे ट्रिमर थांबवायचा. प्रीॲम्पची भर मध्ये येऊ नये म्हणून सिग्नल थेट इन्व्हर्टरला द्यायचा. या जागी पोचल्यावर ग्रिडवरची व्होल्टेज मोजली तर ती थोडी असमान असू शकतात, आणि तेच योग्य असते, कारण इन्व्हर्टरने पुढच्या व्हॉल्व्हची उणीव भरून काढलेली असते. ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या वेटोळ्यांचा डीसी रेझिस्टन्स वेगळा मिळाला तर त्याने घाबरू नये. बाहेरच्या थरात तितक्याच फेऱ्यांना जास्त तार लागते. फेऱ्या सारख्या असल्या की झाले.

एवढे सगळे झाले ते स्वच्छ आवाजापुरते. गिटारवादक ॲम्प पूर्ण उघडतो तेव्हा चित्र पालटते. पॉवर व्हॉल्व्हचे ग्रिड धनभाराकडे झुकले की त्यात प्रवाह शिरतो, तिथे लाट कापली जाते, कपलिंग कपॅसिटर भरतो आणि बायस सरकतो. मंद सुरावर साधलेला समतोल इथे टिकत नाही. फीडबॅक असलेल्या ॲम्पमध्ये चुका थोड्या सावरल्या जात होत्या, ती मदतही लाट कापली जाताना संपते. एसी३० ला ती मुळातच नाही.

तरीही ट्रिमर ऐकू येतो तो नेमका इथेच. जी बाजू वरचढ, ती आधी कापली जाते. दोन्ही बाजू एकदम कापल्या गेल्या की आवाज एका क्षणात कडक होतो. एक थोडी आधी आणि दुसरी थोडी मागून कापली गेली तर ती उंबरठ्याची जागा रुंदावते आणि बोटांच्या दाबाला जास्त उत्तर मिळते. दोन तारा एकत्र ओढताना खाली जो परका, घुमणारा सूर ऐकू येतो, त्याच्यावरही याचा परिणाम होतो. दोन सुरांच्या कंपनांतला फरक हाही दुपटीच्या सुराच्याच कुळातला, म्हणून समतोल जोडीत तो दबतो आणि असमतोल जोडीत उठतो. ब्लूज वाजवणाऱ्या कुणाला तो हवासा वाटेल. जाड जोडसुरांवर काम करणाऱ्याला तो गढूळ वाटेल. माझ्या कानाला शून्यापासून किंचित ढळलेली जागा सर्वांत बोलकी वाटते, आणि ती शून्याच्या कोणत्या बाजूला, हे ॲम्पागणिक बदलते. मीटरने शून्य शोधावे आणि तिथून पुढचे गिटार हातात घेऊन ठरवावे. ज्याने शून्य कुठे आहे हे पाहिलेले नाही, त्याला आपण किती आणि कुठे ढळलो हे कळणार नाही.

जागा सापडली की ॲम्प बंद करून, कपॅसिटर उतरवून ट्रिमरचा रेझिस्टन्स मोजायचा आणि तेवढ्या मापाचा स्थिर रेझिस्टर तिथे डाग देऊन बसवायचा. व्हॉल्व्ह वारंवार बदलणाऱ्याने ट्रिमर ठेवला तरी चालेल. मात्र तो चासीच्या आतच असावा आणि त्या जागेची खूण पेन्सिलने बाजूला करून ठेवावी.